हळदीची पट्टी आणि लोणारचं पाणी

लोणार, जि. बुलढाणा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींना सरोवर दाखवायला आणते आहेस, तर काठावर फोटो काढून परत फिरू नका. खाली उतरा. सकाळी लवकर निघा, कारण काठ ते तळ सुमारे दीडशे मीटरचा उतार आहे आणि उन्हात परतीचा चढ फार दमवतो. प्यायचं पाणी वरूनच न्या.

येताना टिपकागदाला हळदीचं पाणी फासून, सावलीत वाळवून पट्ट्या कापून आण. एक पट्टी काठावरच्या गोड्या झऱ्यावर, म्हणजे धारेवर, गोमुखाच्या पाण्यात बुडव, ती पिवळीच राहील. दुसरी सरोवराच्या पाण्यात धर, ती तांबडी होईल. एकाच विवराचा काठ गोड आणि तळ खारा! हे डोळ्यांनी पाहिलं की बाकीचं आपोआप कळतं.

उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा पडला. जुन्या लिखाणात त्याचं वय ५० हजार वर्षं सापडेल. खडकातल्या अरगॉन वायूच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार निघालं, तेच सांग. झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी आत येतं, बाहेर पडायला वाट नाही. खडकातून आलेला सोडियम मागे ठेवून पाणी तेवढं वाफ होऊन जातं. म्हणून इथला खार मिठापेक्षा सोड्याचा जास्त, आणि सामू (pH) १० च्या आसपास; त्यामुळेच हळद तांबडी होते.

या खारावर गावाने पिढ्यान्पिढ्या पोट भरलं. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की खाराचे थर उघडे पडत. ते फोडून, काठावर वाळवून विकत. ‘दल्ला’, ‘पापडी’ अशी प्रतीप्रमाणे नावं होती. साबण, काच आणि रंगाईला तो जाई. इथल्या काच-साबणाच्या कच्च्या मालाची नोंद ‘आईन-ए-अकबरी’तही आहे. पापडाला खार लागतोच: किलोभर उडदाच्या पिठाला दोन तोळे पुरे. कमी पडला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर तळताना लाल होतो आणि साबणासारखा लागतो. आता तो कारखान्यातला येतो. सरोवर २००० पासून अभयारण्यात आहे, तेव्हा खार किंवा दगड पिशवीत घालू देऊ नकोस कुणाला.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, ते पाणी कमी होऊन खारटपणा वाढल्याने, खारातच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. मला जास्त काळजी उलट गोष्टीची वाटते. गावाचं सांडपाणी आणि शेतातलं खत आत उतरलं, गोडं पाणी वाढलं, की खार पातळ होतो आणि त्यावरच जगणारी सृष्टी मागे पडते. त्या नोव्हेंबरात रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत नाव लागलं, आनंद झाला; पण गटार तेवढ्याने वळत नाही.

दैत्यसूदन मंदिर दुपारी पाहा. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं सावकाश, फेरी घालून बघायची आहेत.

आणि नवरात्र सोडून ये. सरोवराकाठच्या कमळजा देवीच्या यात्रेला वाटेवर इतकी गर्दी असते की पट्टी बुडवायला जागा मिळायची नाही.

तुझे,
बाबा