मुरुमांच्या गोळीवरचा इशारा कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मुरुमांवरचा लेख काल वाचला आणि रात्री झोप लागली नाही. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनोइन या गोळीचे नाव आपण ठळक छापलेत. ओठ फुटतात, उन्हात फिरू नका, एवढेही सांगितलेत. पण ही गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत गंभीर व्यंग येऊ शकते, याबद्दल एक ओळ नाही. तेही ऐन लग्नसराईत!

माझ्या भाचीने ही गोळी सहा महिने घेतली. गाठीगाठींची मुरुमे होती, चेहऱ्यावर खड्डे पडत होते. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी केली, गरोदर नसल्याची खात्री केली, आणि गोळी बंद केल्यावरही महिनाभर दिवस राहता कामा नयेत हे तिच्या आईला समोर बसवून सांगितले. पोरीचा चेहरा निवळला. औषधाबद्दल माझी तक्रार नाही.

माझ्या सुनेला मात्र हीच गोळी एसटी स्टँडजवळच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाली. लग्नाला चार महिने झालेले. दुकानदाराने कात्रीने अर्धी स्ट्रिप कापून कागदी पुडीत दिली. इशारा छापलेले खोके दुकानातच राहिले. आठव्या दिवशी भाची घरी आली, फडताळावरची पुडी बघून म्हणाली, "आत्ये, ह्यो गोळ्यो वैनीक कोणी दिल्यो?" तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. सुनेची पाळी येईपर्यंतचे पुढचे बारा दिवस आम्ही घरात एकमेकींशी धड बोललोही नाही. पाळी आली, देवाची कृपा. गोळ्या भाची आली त्याच दिवशी बंद केल्या होत्या.

आणि घरात तेव्हा अजून काय चालले होते? माझ्या सासूबाई सुनेला 'ताकदीसाठी' माशाच्या लिव्हरच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या देत होत्या. कोकणात हे घरोघरी चालते. त्यात अ जीवनसत्त्व असते आणि मुरुमांची ही गोळीही त्याच कुळातली, म्हणून दोन्ही एकत्र घ्यायच्या नसतात. आपला लेख तर त्वचेसाठी अ जीवनसत्त्व खुशाल घ्या म्हणतो. ही गोळी घेणाऱ्याने बंद केल्यावरही महिनाभर रक्तदान करायचे नसते, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवले जाऊ शकते. आमच्याकडे गणपतीत वाडीवाडीत शिबिरे होतात, रांगेत तरुण मुलेच जास्त असतात. ती मुले आपलाच पेपर वाचतात.

येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत हा इशारा छापावा, ही कळकळीची विनंती. चिठ्ठीशिवाय ही गोळी विकू नये, स्ट्रिप कापून तर मुळीच देऊ नये, हेही त्यात यावे.

लेखाशेजारी अर्धे पान गोरेपणाच्या मलमाची जाहिरात होती, तिच्याबद्दलही लिहिते. सुनेची मुरुमे मुळात वाढली ती असल्याच एका मलमाने. त्यात स्टेरॉइड होते, हे तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा कळले. तोवर ती ते रोज रात्री लावत होती.

आपली,
एक वाचक, मालवण