रीफ टँकचं मीठ आणि लोणच्याचं मीठ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या रीफ टँकवर, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकवर, लेख आला होता, फोटो झकास होते, पण त्यात आयोडीन नसलेलं साधं समुद्री मीठही चालतं असं लिहिलंय. कोणीतरी ते खरं मानून करून बघेल म्हणून लिहितोय, कारण मी स्वतः हे करून बसलोय.

१०० लिटरचा टँक आणला तेव्हा डोक्यात हिशोब सरळ होता, आपण बडोद्यात राहतो, देशातलं बहुतेक मीठ गुजरातच्या आगरांतून जातं, मग टँकसाठीच्या परदेशी मिठाच्या बादलीला हजारो रुपये कशाला मोजायचे? खडेमिठाचं पोतं आणलं. हायड्रोमीटर बरोब्बर १.०२५ दाखवत होता, म्हणजे समुद्राच्या पाण्याइतका जडपणा, मी खूश. आठवड्याभरात दोन्ही मशरूम कोरल (मऊ, सांगाडा नसलेले) सुकलेल्या जर्दाळूसारखे आक्रसले आणि क्लीनर श्रिंप, म्हणजे टँकमधली कोळंबी, गेला. मग टेस्ट किट आणलं तर मॅग्नेशियम जवळजवळ नाहीच!

कारण नंतर कळलं. आगरात पाणी आटत जातं तसं आधी कॅल्शियम जिप्सम होऊन खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम उरतं त्या कडू पाण्यात, जे काढून टाकतात. आपल्या हातात येतं ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. खऱ्या समुद्रात लिटरमागे साधारण ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं. हायड्रोमीटर फक्त पाणी किती जड ते सांगतो, जड कशामुळे ते नाही.

मावशीचा सल्ला वेगळाच, "कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जातोयस ना, मग दोन कॅन भरून आण की." अगं मावशी, खंभातच्या आखातातलं ते पाणी, मही-नर्मदेचा सगळा गाळ त्यात, चहासारखं दिसतं!

आता दुकानातलं. नवख्याला दुकानदार हमखास महागडं 'प्रो' मीठ दाखवतो. रेड सी कंपनीचंच उदाहरण घ्या, निळ्या बादलीतल्या साध्या मिठाची अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं प्रमाण, डीकेएच या एककात मोजतात) ८ डीकेएचच्या आसपास, त्यांच्याच 'कोरल प्रो' मिठाची १२. ती जास्तीची अल्कलिनिटी खातात हार्ड कोरल, दगडासारखा सांगाडा बांधणारे, आणि ते तर आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, घरात ठेवायचेच नाहीत (बघायचेच असतील तर जामनगरजवळ नरारा बेटावर ओहोटीला चालत जाऊन बघा). मग चार झोअँथिड (हेही मऊच) आणि मशरूमवाल्याने १२ डीकेएच घेऊन करायचं काय? प्रो मिठाने १० टक्के पाणी बदललं तर फरक जाणवत नाही, पण नवीन माणूस घाबरला की एकदम अर्धं बदलतो, मीही बदललं, आणि ८ वर असलेला टँक एका दुपारीत १० वर गेला. माझं मत, साधं मीठ घ्या आणि तेच धरून ठेवा, दर महिन्याला ब्रँड बदलू नका.

सुटं मीठ तर घेऊच नका. एकदा मला मोठ्या बादलीतून काढून पिशवीत भरलेलं एक किलो मिळालं, पावसाळा होता, आत ढेकळं. पाण्यात टाकलं तर पांढरा चुरा तळाला बसला तो दुसऱ्या दिवशीही तसाच, म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी आधीच एकमेकांना चिकटून बाद झालेली. चांगलं मीठही पाण्यात हळूहळू टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, लिटरला साधारण ३५-३८ ग्रॅम, पंप लावून पूर्ण विरघळेपर्यंत फिरू द्यायचं. पाणी आरओचं, पण घरच्या आरओत चवीसाठी मिनरलचं कार्ट्रिज असतं, ते बायपास करा. आणि मे महिन्यात टँक आटला की भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नाही, मीठ काही उडून जात नाही.

पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापलीत तर बरं होईल. माझं अर्धं पोतं खडेमीठ अजून माळ्यावर आहे, आई दर वर्षी त्यातलंच कैरीच्या लोणच्याला काढते.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे