स्कॅनिंगला पैसे आहेत, नोंदीला माणूस नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रंथालयांच्या डिजिटायझेशनच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. किती पाने स्कॅन झाली, किती निधी मिळाला, हे त्यांत असते. त्या पानांतले एखादे पान कुणाला हवे असेल तर ते सापडणार कसे, हे मात्र मला अजून एकाही बातमीत वाचायला मिळालेले नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करते आहे. या प्रश्नाची किंमत दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने मोजली, म्हणून हे पत्र.

तिला जात्यावरच्या ओव्यांवर पीएच.डी. करायची होती. तिच्या आजीला शे-दीडशे ओव्या तोंडपाठ. ओव्यांतले माहेर आणि जमीन, असा विषय तिने मनाशी धरला होता. आराखडा लिहिण्याआधी कुणी काय काम केले आहे ते बघून द्या, म्हणून ती माझ्याकडे आली. मी दोन दिवस बसून शोधले आणि या अंगाने कुणी प्रबंध लिहिलेला दिसत नाही, असे तिला सांगितले. आठ महिन्यांनी एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तिला भर सभागृहात विचारले, ‘‘हे काम आधीच झाले आहे. तुम्ही वाचले नाहीत का?’’ तो प्रबंध एका विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात होता, सर्वांना खुला. तिने मला तिथूनच फोन केला. ती रडत होती आणि मला काय बोलावे ते सुचत नव्हते.

त्या रात्री मी ती नोंद उघडून पाहिली. शीर्षक रोमन लिपीत. ‘ओवी’ या शब्दाची तीन स्पेलिंगे मी शोधून पाहिली होती, इथे चौथेच होते. विषयाच्या रकान्यात एकच शब्द : मराठी. गोषवारा नाही. लेखिकेचे आडनाव आणि पुढे दोन आद्याक्षरे. प्रबंध टाइप केला होता तो युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. पडद्यावर अक्षर अगदी स्वच्छ दिसते, पण एखादी ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी हाती येते. जात्यावरच्या ओव्यांचा तीनशे पानी प्रबंध, आणि यंत्राच्या लेखी त्यात ‘जाते’ हा शब्द एकदाही नाही!

पुस्तकाविषयीच्या किंवा प्रबंधाविषयीच्या अशा माहितीला आता मेटाडेटा म्हणतात. आम्ही आजही ‘नोंद’च म्हणतो. बहुतेक भांडारांत ती ‘डब्लिन कोअर’ नावाच्या नमुन्यात भरली जाते. १९९५ साली अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून हा नमुना निघाला. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, तारीख, भाषा असे त्याचे पंधरा रकाने. नमुना चांगला आहे, पण तो भरणारा माणूस बहुधा कंत्राटी असतो, त्याला दिवसाकाठी ठरावीक नोंदी उरकायच्या असतात आणि विषयाच्या रकान्यात एक शब्द टाकला की यंत्र पुढे जाऊ देते. ही नोंद एका जागी राहतही नाही. दुसरी भांडारे आणि राष्ट्रीय पातळीवरची शोधस्थळे ती आपोआप उचलतात. मूळ ठिकाणी झालेली चूक अशी गावोगाव जाते.

मराठीत या कामाला विशेष नजर लागते. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला ‘ऱ्या’ संगणकावर दोन वेगवेगळ्या प्रकारांनी टाइप होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधयंत्राला मात्र ते दोन शब्द वाटतात. ‘ॲ’ आणि ‘ऍ’ यांचेही तेच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२चे. त्याआधीच्या शीर्षकांत अनुच्चारित अनुस्वार ठासून भरलेले, मुखपृष्ठावर कुठे ‘पुणें’, कुठे ‘पूना’. आमच्याच ग्रंथालयात एक जुने पोथीवजा पुस्तक आहे. पुठ्ठा गेलेला, पहिल्या पानाचा कोपरा कुरतडलेला, त्यावर ‘शके १८०५’ असे छापलेले. बाहेरच्या मंडळींनी नोंदी केल्या तेव्हा प्रकाशनवर्षाच्या रकान्यात त्यांनी १८०५ लिहिले. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे असतात, हे त्या मुलांना कुणी सांगितलेच नव्हते. १८८३ सालचे पुस्तक त्यामुळे विल्यम कॅरीच्या, बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०५ साली छापलेल्या मराठी व्याकरणाच्या शेजारी जाऊन बसले. उद्या एखादा अभ्यासक यावरून मराठी मुद्रणाचा इतिहास मांडेल. त्याला दोष कसा द्यायचा?

नावांचे तर विचारूच नका. बहिणाबाई म्हटले की एक तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई आणि दुसऱ्या जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी. दोघींत दोनशेहून अधिक वर्षांचे अंतर, तरी दोघींची पुस्तके एकाच नावाखाली टाकलेल्या याद्या मी पाहिल्या आहेत. याच्या उलट, राम गणेश गडकरी नाटककार म्हणून एका जागी, ‘गोविंदाग्रज’ म्हणून कवितेत आणि ‘बाळकराम’ म्हणून विनोदात. माणूस एक, नोंदी तीन. आणि संस्था? पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, मराठवाडा विद्यापीठाचा १९९४ साली नामविस्तार झाला. एकाच विद्यापीठाचे प्रबंध जुन्या नावाखाली काही, नव्या नावाखाली काही, आणि इंग्रजी लघुरूपाखाली उरलेले.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या सूचीची, लाकडी कपाटे होती. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची कार्डे, खाली भोक, त्यातून ओवलेली पितळी सळई. त्यांत काही कार्डे नुसती ‘पाहा’ची असत. ‘गोविंदाग्रज : पाहा, गडकरी, राम गणेश.’ माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी अशी कार्डे बोरूसारख्या टोकदार अक्षरात लिहून ठेवली होती. कुणी निबंधात टोपणनाव वापरले की ते खरे नाव शोधत, जन्मसाल शोधत आणि मग कार्ड करत. संगणकीकरणात ती कार्डे पुस्तकांची नव्हेत म्हणून वगळली गेली. मी तेव्हा हट्ट धरायला हवा होता. कपाट गेले, पण कार्डांचे दोन खोके मी ठेवून घेतले.

‘लिंक्ड ओपन डेटा’ हा शब्द मी पहिल्यांदा एका प्रशिक्षणात ऐकला तेव्हा ही ‘पाहा’ची कार्डेच माझ्या डोळ्यांसमोर आली. फरक एवढाच, की माझे कार्ड माझ्या खणापुरते होते आणि हे कार्ड जगातल्या कुठल्याही ग्रंथालयाला वाचता येते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली याचे नियम मांडले. प्रत्येक माणसाला, गावाला, संस्थेला, विषयाला वेबवरचा एक कायमचा पत्ता द्यायचा, आणि नावाऐवजी तो पत्ता नोंदीत लिहायचा. मग पुणें, पूना, पुणे काहीही छापलेले असो, विकिडेटावर, म्हणजे कुणालाही वापरता आणि भरता येणाऱ्या खुल्या माहितीकोशावर, त्या गावाचा क्रमांक ‘क्यू १५३८’ हाच. दोन बहिणाबाईंना दोन क्रमांक, गडकऱ्यांच्या तिन्ही नावांना मिळून एक. हयात संशोधकांसाठी सोळा अंकांचा ‘ऑर्किड’ क्रमांक आहे, तो फुकट मिळतो. आमच्या प्राध्यापकांपैकी बरेच जण तो बढतीच्या अर्जापुरता काढतात, प्रबंधाच्या नोंदीत मात्र लिहिला जात नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपली संयुक्त तालिका, म्हणजे अनेक ग्रंथालयांची एकत्र सूची, २००८ सालीच अशी जोडून खुली केली आणि २०१८ पासून रोजचे तालिकीकरणही त्याच पद्धतीवर नेले. हार्वर्ड विद्यापीठाने २०१२ साली एक कोटी वीस लाख नोंदी कुणीही घ्याव्यात म्हणून मोकळ्या केल्या. आपल्याकडेही काटेकोर नोंदीची उदाहरणे आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने जमवलेल्या, आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर असलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. तिथे ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचे नाव येते, गाव येते, विषय येतो. खेड्यातल्या बाईच्या ओवीला जी नोंद मिळते, ती आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधांना का मिळू नये? आणि शंकर गणेश दाते यांना तर विसरताच येणार नाही. १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी संगणक नसताना केली. त्या सूचीतली एकेक नोंद क्रमांकासह खुली झाली, तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या ग्रंथालयाला ‘हेच पुस्तक माझ्याकडे आहे’ एवढेच कळवावे लागेल. नव्याने टाइप करण्याचे आणि नव्याने चुका करण्याचे काम उरणार नाही.

आमच्यातलेच काही जण विचारतात, आपला डेटा फुकट का द्यायचा? मला हा प्रश्न समजत नाही. नोंद देणे म्हणजे पुस्तक देणे नव्हे. पुस्तक कुठे आहे हे सांगणे, त्यासाठीच तर आपल्याला पगार मिळतो. हयात लेखकाची जन्मतारीख, पत्ता, जात असले तपशील खुल्या नोंदीत येता कामा नयेत, हे मात्र मला मान्य आहे आणि तेवढी शिस्त पाळावीच लागेल.

माझी मागणी मोठी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांमुळे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक झाले, आणि म्हणून शोधगंगा हे देशभरातल्या प्रबंधांचे ऑनलाइन भांडार भरले. तसाच नियम नोंदीसाठी करावा. शीर्षक देवनागरीत आणि ठरलेल्या एकाच पद्धतीने रोमनमध्ये, गोषवारा युनिकोड मराठीत, विषय किमान चार-पाच, विद्यार्थी आणि मार्गदर्शक दोघांचे ऑर्किड क्रमांक. हे सगळे प्रबंध सादर होण्याआधी विद्यार्थ्याने ग्रंथपालाशेजारी बसून भरावे. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि विषय कोणता हे लिहिणाऱ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? डिजिटायझेशनच्या निविदेतही पानांच्या दराशेजारी नोंद तपासणाऱ्या माणसाचा पगार लिहिलेला असावा. आज ग्रंथपालांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि स्कॅनर मात्र येत आहेत.

माझ्या विद्यार्थिनीने तो प्रबंध वाचला, त्याच्या लेखिकेला शोधून काढून भेटली आणि आपला विषय बदलून आता पुन्हा काम करते आहे. तिची आठ महिन्यांची मेहनत भरून येत नाही. दर शनिवारी दुपारी ती आणि आणखी दोन मुले माझ्याकडे येतात, आणि आम्ही त्या दोन खोक्यांतली ‘पाहा’ची कार्डे एकेक करून विकिडेटावर चढवतो. काही टोपणनावांपाशी अडतो, कारण कार्डावर खऱ्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे.

म्हणून आपल्या वाचकांना एक विनंती. कुणाच्या आजोबांनी, आजीने, पणजोबांनी टोपणनावाने काही छापले असेल, तर त्या पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो, खरे नाव आणि जन्म-मृत्यूची साले जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या. पुस्तक देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा. साल शके असेल तर तसे स्पष्ट लिहा.

— एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा