न दिसलेले वादळ

ट्रॉम्सो, नॉर्वे
१४ मे २०२४

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

१० मेच्या सौर वादळात ध्रुवीय प्रकाशाने उजळलेल्या, लडाखमधील हानले येथील तांबड्या आकाशाचे छायाचित्र मिळाले. ‘तुमच्याकडे तर दिवाळीच झाली असेल,’ असे तू लिहितोस; पण आम्हाला काहीच दिसले नाही, कारण ७० अंश अक्षांशाजवळ मे महिन्यात रात्र काळोखी होतच नाही. आमच्या वाट्याला आले ते फक्त जीपीएस उपग्रहांचे संदेश टिपणाऱ्या रिसीव्हरच्या पडद्यावरचे वादळ.

१० तारखेला संध्याकाळी सातनंतर, एरवी दोऱ्यासारख्या सरळ जाणाऱ्या रेघा करवतीसारख्या दातेरी झाल्या आणि मग एकेक उपग्रह मध्येच सुटू लागला. गंमत अशी, की संदेशाची ताकद जवळजवळ तशीच होती. बिघडला होता तो लहरीचा ठेका, म्हणजे तिच्या चढउतारांची लय (फेज). तुमच्या विषुववृत्ताकडच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर ताकदच वरखाली होते, इथे मात्र ठेका आधी चुकतो. वादळात दिवसाच्या बाजूचे दाट आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) ढेकळाढेकळांनी ध्रुवावरून रात्रीच्या बाजूला ओढले जाते, वरून इलेक्ट्रॉनांचा मारा चालूच असतो, आणि २०,२०० किलोमीटरवरून सुखरूप आलेली लहर शेवटच्या काहीशे किलोमीटरांत या वेगाने सरकणाऱ्या ढेकळांच्या कडांवर ठेचकाळते.

दोन वारंवारता वापरल्या की आयनांबरामुळे लहरीला झालेला उशीर हिशेबातून वजा करता येतो, पण चुकलेला ठेका नाही. अचूक मोजणी करणारा रिसीव्हर १९ सेंटिमीटर लांबीच्या लाटा एकेक करून मोजतो. एक निसटली, की तेवढी चूक. तुझ्या मोबाइलच्या नकाशाला तिचा पत्ताही लागणार नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मात्र ऐन पेरणीत उपग्रहांच्या भरवशावर तास धरणारे ट्रॅक्टर अडले. नांगर हाकणाऱ्या आपल्या आजोबांना याचे हसूच आले असते.

या वेळी विषुववृत्ताकडचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०० नॅनोटेस्लांनी खाली गेले. १८५९ साली कुलाब्याच्या वेधशाळेत, डोळ्यांनी वाचून वहीत उतरवलेल्या नोंदींत ही घसरण सुमारे १६०० होती! पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम तुमच्या अलिबागला हलले. तेव्हा एक काम कर: तिथल्या वेधशाळेत जाऊन १० आणि ११ तारखेचा आलेख पाहायला मिळतो का, ते विचार. मिळाला तर पाठव. माझ्या दातेरी रेघांशेजारी तो वेळेनुसार लावून पाहायचा आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद