यकृतासाठी हळद घेताना

महोदय,

आमच्या समुद्रपूर तालुक्यातील आठवडी बाजारात 'यकृतातील विष काढणारे' म्हणून आवळ्याचा रस आणि हळदीच्या गोळ्या खपू लागल्या आहेत. शिसे, कॅडमिअम यांसारखे जड धातू यकृतातील ग्लुटाथिओन हे संरक्षक द्रव्य घटवतात आणि हळदीतील कर्क्युमिन व आवळ्यातील क जीवनसत्त्व यांमुळे ती हानी कमी झाल्याचे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे, हे खरे. परंतु तेवढ्यावरून माणसाचा उपचार ठरत नाही. शरीरातील शिसे रक्ततपासणीनेच कळते आणि ते फार वाढल्यास धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात.

मला अधिक काळजी हळदीचीच वाटते. पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य मिसळल्याचे बांगलादेशात उघड झाले आहे, म्हणजे औषध म्हणून घेतलेल्या चमच्यातूनही शिसे पोटात जाऊ शकते. माझी आई वायगावची हळकुंडे घेऊन गिरणीत समोर उभी राहून दळून आणते. बाजारातल्या सुट्या पुडीची तशी खात्री कोण देणार? अन्न व औषध प्रशासनाने या पुड्यांचे नमुने तपासावेत आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, ही विनंती.

एक शेतकरी वाचक,
समुद्रपूर तालुका, जि. वर्धा