आधी हिशेब, मग विचार

महोदय,

पोट भरले, फुरसत मिळाली आणि माणूस विचार करू लागला, असे आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. इराकमधल्या उरुक या प्राचीन शहरात सापडलेल्या, सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या पाहा. तळहातावर मावतील एवढ्या! बहुतेकींवर धान्य, मेंढ्या, बिअर यांच्या नोंदी. ना स्तोत्र, ना पराक्रम. शहर वाढले, देवघेव नुसत्या आठवणीवर भागेना, तेव्हा ओल्या मातीत बोरू टोचला गेला, लिहिणे सुरू झाले. गंमत म्हणजे त्यांतच शब्दांच्या याद्याही आहेत: भांडी, प्राणी, हुद्दे. जगाची वर्गवारी करण्याची खोड ती हीच. हुद्द्यांची यादी तर शिकाऊ कारकून पुढे शेकडो वर्षे गिरवत राहिले.

– एक वाचक