सिंकखालचा नाकतोडा

शॅम्पेन, इलिनॉय

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एका नाकतोड्याचं नाव लावायला एवढे महिने?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. आज सविस्तर सांगते.

माझा नाकतोडा डॉमिनिकन रिपब्लिकच्या तृणमणीत अडकलाय, दोनेक कोटी वर्षांपूर्वी. आई, तृणमणी म्हणजे झाडाची राळ, डिंक नव्हे. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. खडा घासायला घेतला की अजूनही धुपासारखा वास येतो. पहिल्या दिवशी तुझी तिन्हीसांज आठवली.

या गावातल्याच एका संस्थेची गोष्ट ऐका. मिल्टन सँडरसन नावाच्या कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून १६० पौंड, म्हणजे सत्तर किलोंहून जास्त तृणमणी आणला. थोडा तपासून झाला. बाकीचा बादल्यांत भरून सिंकखाली जो गेला, तो पन्नासेक वर्षं तिथेच! मग सॅम हेड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बाहेर काढला, आणि त्यात सापडली ८ मिलिमीटरची एक मादी. २०१४ मध्ये तिला निसर्गपट करणाऱ्या डेव्हिड अटेनबरोंचं नाव मिळालं: इलेक्ट्रोटेटिक्स अटेनबरोआय. (आई, तुझ्या माळ्यावरच्या डब्यांबद्दल यापुढे चकार शब्द काढणार नाही.)

ती खुज्या नाकतोड्यांच्या कुळातली, टेट्रिजिडी. यांची खूण मानेवर. नेहमीच्या नाकतोड्याची मानेवरची ढाल आखूड असते, यांची पाठीवरून पार मागे पोटापर्यंत जाते. दुसरी खूण पायांत: नेहमीच्या नाकतोड्याच्या प्रत्येक पावलाला तीन सांधेतुकडे, यांच्या पुढच्या दोन जोड्यांना दोनच, मागच्या जोडीला तीन. पण अटेनबरोंच्या मादीची खरी मौज पंखांत आहे. तिच्या पोटकुळातल्या अमेरिका खंडांतल्या आजच्या जातींना पंखच नाहीत, हिला मात्र उडायला निरुपयोगी, एवढेसे का होईना, आहेत. पंख जाता जाता मधेच सापडल्यासारखे. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

आता माझा पराक्रम. गेल्या मंगळवारी खडा ओल्या पॉलिश पेपरवर घासत होते. आणखी जरासा, आणखी जरासा, असं करता करता पुढचं उजवं पाऊलच घासून गेलं. डावं एका बुडबुड्याच्या मागे. दोन तुकडे की तीन, मोजायचे कुठे? सर रागावले नाहीत. पेटीतून स्वतःचा एक खडा काढून दाखवला, त्यातल्या माशीला डोकंच नव्हतं. आता मधल्या पायांवर भिस्त. खडा तेलात बुडवला की ओरखडे दिसेनासे होतात, तसा बुडवून दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. मान दुखते, चष्म्याचा नंबर वाढलाय. बाम लावते, काळजी करू नका.

बाबा, एक काम होतं. आपल्या विहिरीच्या कठड्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिथे मातकट, नखाएवढे नाकतोडे बसतात, आठवतात? हेच ते. शेवाळ खातात. पकडू नका, नुसता वरून एक आणि बाजूने एक फोटो काढा. ढाल पोटापर्यंत दिसली पाहिजे. आणि कठडा निसरडा असतो, आईला बरोबर घेऊन जा.

तुमची लाडकी,
ताई